पावण्यांचं पाणी

१९८३च्या दिवाळीत, भाऊबीज झाल्यावर, माझा धाकटा दीर बाहुबली मुंबईहून हुपरीला आला आणि चपला न काढता सोप्यातच उभा राहिला. हातात काचेची मोठी बरणी होती, तिच्या तोंडाला जाळीचं फडकं बांधलेलं. आत बोटाएवढा निळाजांभळा मासा होता. त्याची शेपूट मात्र त्याच्याहून मोठी, पाण्यात ओला रेशमी पदर हलावा तशी हलत होती.

"वहिनी, हा फायटर," तो म्हणाला. "एकटाच ठेवायचा. दुसरा शेजारी आणला तर एकमेकांना फाडून काढतात."

"मग आपल्या घराण्यातलाच म्हणायचा," मी म्हटलं.

तो हसला. आत्ती हसल्या नाहीत.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, अनंतमती. आमच्या घरात सासूला आत्तीच म्हणतात. माझे सासरे वर्षापूर्वी गेले होते आणि तेव्हापासून आत्ती दिवसभर सोप्यात भिंतीला टेकून बसायच्या. बाहुबलीनं बरणी त्यांच्यासमोरच्या कोनाड्यात ठेवली.

"आई, तुला सोबत."

"जेवून जा," आत्ती म्हणाल्या.

"कोल्हापुरात खाल्लंय."

"करंज्या हायत. भात टाकते की पटकन."

"नको. गाडी चुकंल."

तो तांब्याभर पाणी प्यायला, कोरड्या खाण्याची एक डबी माझ्या हातात दिली, रोज चार दाणे घाल म्हणाला आणि गेला. आत्ती उंबऱ्यापर्यंत गेल्या. गल्लीच्या वळणापर्यंत तो दिसत होता. त्यानं मागं पाहिलं नाही.

आमचं घर चांदीकाम करणाऱ्यांचं. पुढच्या खोलीत माझे यजमान भूपाल पैंजणांचे घुंगरू जोडत बसायचे आणि त्यांच्या फुंकणीचा आवाज दिवसभर घरात असायचा. घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, कांदा-बटाटा नाही, मुंगीला बाजूला करून मग केरसुणी फिरवायची. अशा घरात मासा आला ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. शेजारच्या सोनाक्का मुद्दाम आल्या.

"मासं आलंय म्हणं घरात! म्हटलं वास कुठवर आलाय बघावं."

"वास तुझ्या नाकात हाय, सोने," आत्ती म्हणाल्या. "हे आमचं पावणं हायत. बाहुबलीनं सोडलंयत."

त्या दिवसापासून त्याचं नाव 'पावणं' पडलं. आत्ती त्याच्याबद्दल आदरानं बोलायच्या. पावणं उठलं, पावणं रुसलं, पावण्यास्नी ऊन लागतंय, पडदा ओढ. कितीतरी महिन्यांनी त्या दिवसभर बोलत होत्या. भूपाल फुंकणी थांबवून माझ्याकडे बघायचे आणि आम्ही दोघं मनातल्या मनात बाहुबलीला दुवा द्यायचो.

आत्तींनी पाहुणचारात काही कमी ठेवलं नाही. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी पावण्यांना मिळायचं. पहाटे परसातल्या विहिरीचं पाणी काढायचं, दुपदरी फडक्यातून गाळायचं, तांब्याच्या हंड्यात भरायचं. रात्रभर हंड्यात राहिलेलं ते पाणी दुसऱ्या सकाळी बरणीत जायचं. बरणीतलं कालचं पाणी अंगणातल्या कर्दळीला, कारण शिळं पाणी आपण पीत नाही तर पावण्यांना कसं द्यायचं? बरणी रोज आतून राखेनं घासून लख्ख केली जायची. भूपालनी त्यात चांदीचा एक तुकडा टाकला. पिण्याच्या माठात आम्ही टाकतो तसा, पाणी चांगलं राहावं म्हणून. आणि डबीतल्या दाण्यांचा आत्तींनी एकदाच वास घेतला, डबी फडताळात मागं ढकलली आणि कणकेच्या गोळ्या सुरू केल्या. नदीच्या घाटावर माशांना टाकतात तशा. त्या स्वतः टाकायच्या, भूपाल टाकायचे, येणारी-जाणारी बाई पुण्य म्हणून एखादी टाकून जायची. सोनाक्कासुद्धा टाकायच्या, नाक मुरडत.

थंडी पडायला लागली आणि पावणं मलूल झाले. शेपूट मिटून बरणीच्या तळाशी पडून राहायचे. मधेच वर येऊन हवा घ्यायचे, पुन्हा खाली. गोळी तोंडाशी आली तरी बघायचे नाहीत.

मग एका सकाळी आत्ती विहिरीच्या काठाशी चक्कर येऊन पडल्या. नशीब, काठाच्या अलीकडे. मी धावले. त्यांचे हात गार पडले होते, कपाळावर घाम. डॉक्टर आले, साखर तपासली आणि मलाच रागावले.

"साखरेच्या गोळ्या घेतात आणि जेवत नाहीत? तुम्ही शिकलेल्या ना ओ? असं चालू राहिलं तर एक दिवस झोपेतनं उठायच्या नाहीत."

आमच्याकडे उपास इतके, की आत्ती जेवल्या नाहीत हे लक्षातच आलं नव्हतं. आज अष्टमी असेल, उद्या चतुर्दशी असेल असं आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टर गेल्यावर मी त्यांच्या उशाशी बसले.

"आत्ती, कसला उपास धरलाय?"

"उपास कुठला? पावणं जेवलं न्हाईत."

"म्हणून तुम्ही पण नाही?"

"घरात आलेला जीव उपाशी, आन् मी घास घेऊ?" त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "ते जेवू देत. मी जेवते."

भूपाल दारात उभे होते. मला बाहेर बोलावून म्हणाले, "नदीत सोडून येतो त्याला. एकदाचा जंजाळ सुटंल."

"गार पाण्यात संध्याकाळपर्यंत जगायचा नाही. आणि आत्तींना काय सांगणार?"

"मग दुसरा आणू कोल्हापुरातनं. तसलाच, निळा."

"तुमची आई एका ताटातले घुंगरू बघून कुठला कुणी जोडला ते सांगते. तिला मासा बदललेला कळणार नाही?"

"मग काय करायचं?"

"माझ्यावर सोडा," मी म्हणाले.

हे मी उगाच म्हणाले नव्हते. सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झाले होते. लग्नानंतर त्या डिग्रीचा उपयोग एवढाच, की सिलिंडर संपत आलाय का हे मला विचारायचे. पण शेवाळ, डबकी, साचलेलं पाणी यांत मी तीन वर्षं काढली होती. सरांबरोबर गुडघाभर चिखलात उतरून बाटल्या भरल्या होत्या. पाणी नुसतं दिसायला स्वच्छ असून भागत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

मी बरणी उजेडात घेतली. त्या दिवशी ती घासायची राहिली होती, तळाशी न खाल्लेली कणीक आंबून नाकाला झोंबत होती. चांदीचा तुकडा काढून मी भूपालच्या पुढ्यात ठेवला.

"हा कशाला काढलास? चांदीनं पाणी शुद्ध होतं."

"होतं. किडे मरतात म्हणून होतं. मासा किड्याएवढाच आहे."

"मग तांब्याचा हंडा?"

"तो त्याहून वाईट. आपल्याला चांगलं, त्याला विष."

भूपालनी तुकडा हातात फिरवला आणि खिशात टाकला. "आईला तू सांग," ते म्हणाले. "माझ्यात दम न्हाई."

हंड्याचं मी सांगितलं तेव्हा आत्तींनी ऐकून घेतलं. पितळेचा तांब्या आंबट ताकाला चालत नाही, तसंच हे, म्हणाल्या. कणकेच्या गोळ्याही बंद केल्या. विहिरीचं पाणी प्लास्टिकच्या बादलीत एक दिवस ठेवायचं, तेही मान्य झालं. मीही एक मान्य करून घेतलं. पावणं जेवेपर्यंत अन्न नाही तर नाही, पण सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध घ्यायचं आणि साखरेची गोळी डॉक्टरांना विचारून अर्धी.

"दूध घेते," त्या म्हणाल्या. "पण जेवले म्हणून सांगू नगंस कुणाला."

खरी अडचण त्यापुढं होती. मी आमच्या मळ्यालगतच्या ओढ्यावर गेले आणि डोहातून पाणवनस्पतीची जुडी आणि तिच्या मुळाशी असलेले बुळबुळीत खडे डब्यात घालून आणले. आत्ती अंगणात बसल्या होत्या. डब्यात डोकावल्या आणि अशा मागं सरकल्या, जणू मी साप आणलाय.

"ही घाण घरात? न गाळलेलं पाणी?"

"पावण्यांसाठी लागतंय."

"सगळ्यात निर्मळ पाणी दिलं तरी ते असं पडलंयत, आन् तू ही राड घालणार? मारायचंय का त्यास्नी?"

सोनाक्का कुंपणापलीकडून म्हणाल्या, "कालेजात हेच शिकवत असतील."

"सोनाक्का, तुमची आमटी उतू जातीय," मी म्हटलं. त्या खरंच आत पळाल्या.

मी डबा खाली ठेवला. काय सांगितलं तर आत्तींना पटेल, हे मला ओढ्यावरून येतानाच सुचलं होतं. पण ते सांगावं की नाही, यावर मी वाटभर विचार केला होता. पटलं तर मासा जगेल. पण पटलं म्हणूनच त्या दूधही सोडतील, ही भीती होती.

पाणी गाळल्यावर आमच्याकडे एक रीत असते. गाळायच्या फडक्यावर जे बारीक जीव राहतात ते फेकायचे नाहीत. फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं विसळायचं आणि ते पाणी ज्या विहिरीचं त्याच विहिरीत परत सोडायचं. त्याला जीवाणी म्हणतात. वरून ओतायचं नाही, जीव आपटून मरतात. त्यासाठी तळालाही कडी असलेली लहान कळशी असते. ती दोरानं सरळ खाली सोडायची, पाण्याला टेकली की हिसका द्यायचा, मग ती हळूच उपडी होते. आत्तींनी लग्न होऊन आल्यापासून हे एक दिवस चुकवलं नव्हतं. परवा चक्कर आली तेव्हा हातात तीच कळशी होती.

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले.

"आत्ती, जीवाणी विहिरीत का सोडायची?"

"का म्हंजे? जिथलं जीव तिथं नकोत पोचायला?"

"दिसतात का ते?"

"न दिसंनात. हायत न्हवं?"

"तसेच बरणीत पण असतात. खड्यांवर, काचेवर, तो बुळबुळीतपणा असतो ना, त्यात. पावणं जी घाण करतात, ती हे जीव खाऊन संपवतात. ते असले तर पाणी पावण्यांना बाधत नाही. नसले तर आपल्याच घाणीनं पावणं गुदमरतात."

आत्तींनी डबा जवळ ओढून आत बघितलं.

"आन् मी रोज बरणी घासते," त्या म्हणाल्या.

मी डबा सावलीत सरकवला.

"राखेनं. आन् पाणी कर्दळीला."

"तुम्हाला माहीत नव्हतं, आत्ती."

त्या उठल्या. भिंतीला धरून आत गेल्या आणि जिनमूर्तीच्या फडताळासमोर बसल्या. दिवस मावळेपर्यंत तिथंच होत्या. संध्याकाळचा दुधाचा पेला मी ठेवला तसा राहिला. भूपाल कामावरून उठून आले.

"काय सांगितलंस तिला?"

"खरं ते."

"लई खरं सांगतीस तू. पेलाभर दूध तरी जात होतं पोटात."

पण माझी चूक झाली असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आज वयाच्या पंच्याहत्तरीतही वाटत नाही. त्या बाईला खोटं सांगून जेवायला घालता आलं असतं. मग मासा मेला असता, आणि मग?

सकाळी उठले तर परसात आवाज. आत्ती विहिरीवर होत्या. केस पुसून, पातळ आवरून, नेहमीसारख्या. मला बघून म्हणाल्या, "ये. बरणी आण. आणि ती तुझी राड पण."

"आत्ती, दूध—"

"घेतलं. मगाशीच." त्यांनी फडकं पिळलं. "अजाणता झालं ते झालं. त्याचं मी देवापुढं बघून घेतलं रात्री. आता कळलंय, आता चुकले तर मात्र माझं. बोल, काय काय करायचं?"

मी बोलत गेले, त्या करत गेल्या. बरणी घासायची नाही, पुढची काच तेवढी बोटानं पुसायची. खडे तळाला, वनस्पती त्यात रोवायची. पाणी सगळं कधीच बदलायचं नाही. आठवड्यातून दोनदा चौथा हिस्सा काढायचा आणि बादलीतलं मुरलेलं तेवढंच हळू घालायचं. बरणी सोप्यातल्या कोनाड्यातून उचलून चुलीच्या भिंतीपलीकडे ठेवायची, तिथं ऊब राहते.

"येणारं पाणी गाळू का नको?"

"गाळा."

"आन् काढलेलं?"

मला हा प्रश्न सुचला नव्हता. "कर्दळीला चालतं तसं..."

"चालत न्हाई," आत्ती म्हणाल्या. "त्यातलं जीव ओढ्याचं. ओढ्यात सोडायचं. भूपाल जाईल मळ्याला जाताना."

आतून फुंकणी थांबल्याचं ऐकू आलं. "मी?"

"चांदी टाकायला हात बरा गेला होता," आत्ती म्हणाल्या.

पाणी दोन दिवस गढूळ राहिलं. सोनाक्का रोज येऊन तेराव्याला आल्यासारखं तोंड करून जायच्या. मग गढूळपणा बसला. काचेतून पलीकडची भिंत दिसायला लागली, आणि एका दुपारी पावण्यांनी शेपूट उघडली. पूर्ण, पंख्यासारखी. आत्ती बरणीसमोर पाट टाकून बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली नाही, नुसता हात वर केला.

आता खाण्याचा प्रश्न उरला होता. मी फडताळातून डबी काढली.

"त्यात काय हाय?" आत्तींनी विचारलं.

"वाळवलेले जीव. खोटं कशाला सांगू. त्याचं अन्नच ते आहे. त्या वनस्पतीतले बारीक किडेही त्यानं खाल्ले असतील."

"कणीक खाणार न्हाईत?"

"त्यांना पचत नाही, आत्ती."

त्यांनी पाट मागं सरकवला. मग म्हणाल्या, "त्यांचा धर्म त्यांच्यापाशी. पाणी मी बघते, तोंड तू बघ. मी हातानं घालणार न्हाई आन् तू घालताना बघणार पण न्हाई. दोष लागला तर तुला."

"लागू दे. माझ्याच नावावर घ्या."

त्यांनी पदर डोळ्यांवर घेतला. मी चार दाणे टाकले. पावणं खालून आले, एक दाणा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. मग दुसरा. मग तिसरा.

"जेवलं का?" पदराआडून आवाज आला.

"जेवले. हावरटासारखे."

मी ताट वाढून आणलं. भाकरी, मुगाची आमटी, लोणी. आत्तींनी भाकरी मोडली आणि घास हातातच ठेवला.

"त्रिशला, बाहुबली घर सोडून गेला तवा तू माहेरी होतीस."

"हो. मामंजींशी भांडण झालं म्हणून ऐकलं."

"जेवताना झालं. चांदीत बसणार न्हाई म्हणाला. हे बोलले नाही नाही ते. पोरगं भरल्या ताटावरनं उठलं, हात धुतला आन् चाललं. मी हाक मारली न्हाई. मला पण राग आला होता." त्या घासाकडे बघत बोलत होत्या. "आन् मी जेवले. त्याच्या ताटाशेजारी बसून. पोटभर जेवले, परत आमटी घेतली."

बाहेर भूपालची फुंकणी बंद होती. ते ऐकत होते हे मला माहीत होतं, त्यांनाही.

"तवापासनं आला की उभ्या उभ्या येतो. कोल्हापुरात जेवलोय म्हणतो. कोल्हापुरात कोण बसलंय त्याला वाढायला?"

"जेवा, आत्ती," मी म्हटलं.

त्यांनी घास तोंडात घातला.

मी ताट उचललं, खरकटं काढलं, साडी बदलली आणि पोस्टात गेले. ट्रंक कॉल लागायला दुपार गेली. बाहुबली फोनवर आला तेव्हा घाबरलेला होता. "वहिनी, आईला काय झालं?"

"काही नाही. तुझा मासा जेवतोय. आई म्हणतात, आता तू ये. आणि कोल्हापुरात उतरलास तरी तिथं जेवू नकोस."

"आई म्हणती?"

"मी म्हणते," मी म्हटलं. "आणि मी म्हटलेलं या घरात चालतं."

तो संक्रांतीला आला. या वेळी चपला काढल्या.

पावणं त्यानंतर दोन वर्षं जगले. म्हातारे होऊनच गेले, पाण्यानं नाही. आत्तींनी त्यांना ओढ्याकाठी पुरलं आणि बरणीतलं पाणी, खडे, वनस्पती, सगळं डोहात पोचतं केलं. सोनाक्कांनी पुढं स्वतः दोन मासे आणले, आणि त्यांचं पाणी बदलायला रोज मला हाक मारायच्या. नंतर त्या आपल्या मुलाकडे निपाणीला गेल्या आणि तिथंच वारल्या. भूपालनी चांदीकाम मशिनं येईपर्यंत केलं, मग मळा बघितला. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. आत्तींनीच सुचवल्यावर मी गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

बाहुबलीनं मुंबई सोडली नाही, पण प्रत्येक सुट्टीला यायचा. बायको-मुलांसकट, पंगत धरून जेवायचा. आत्ती शहाण्णव साली गेल्या. शेवटच्या आठवड्यात त्यांना भरवावं लागायचं. तो वाटीत दूधभात कालवून बसला होता आणि त्या तोंड उघडत नव्हत्या.

"तू जेवलास?"

"जेवलो, आई."

"कुठं?"

तो उठला, स्वयंपाकघरातून आपलं ताट वाढून घेऊन आला, त्यांच्या खाटेशी मांडी घातली आणि पहिला घास खाल्ला. आत्तींनी तो गिळेपर्यंत बघितलं. मग तोंड उघडलं.